शेंडा कुणी खाल्ला?

आमच्या परड्यात आजीनं एक रायवळ आंबा लावला होता. कोय रुजली, वीत-दीड वीत रोप आलं, तांबूस कोवळी पानं लवलवायला लागली, आणि एका दुपारी शेजारच्या शेरडानं दावं तोडून येऊन त्याचा शेंडाच उडवला. आजी कपाळाला हात लावून म्हणाली, "शेरडाचं तोंड लागलं न्हवं, आता ते वाढायचं न्हाई." शेरडाच्या लाळेत विष असतं, असा तिचा पक्का समज होता. आंबा मेला नाही. पण सरळ वर जायचं सोडून कमरेएवढ्या उंचीवर त्याला तीन फाटे फुटले आणि तो कायमचा बुटका, पसरट राहिला. आम्हा पोरांना चढायला सोयीचा झाला, एवढाच फायदा.

आजी निम्मी बरोबर होती आणि निम्मी चूक. तिचं कुठं बरोबर आणि कुठं चुकलं, हे नीट बघायचं तर कोल्हापूरपासून फार लांब जावं लागतं, थेट कॅनडा-स्वीडनच्या बर्फाळ जंगलांत. कारण आपल्या सह्याद्रीत एका टेकडीवर झाडांच्या इतक्या जाती आणि खाणारी तोंडं इतकी, की कुणी काय खाल्लं याचा हिशेब लागता लागत नाही. तिकडं ठळक झाडं पाच-सहा जातींची आणि त्यांचे शेंडे खाणारं मोठं जनावर मुख्यतः एकच. त्याचं नाव मूस.

मूस म्हटलं की आपल्याला गुजरीतल्या सोनाराची मूस आठवणार. तिचा याच्याशी काही संबंध नाही. हा शब्द उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गोंक्वियन भाषांतून आला, आणि 'ओरबाडून खाणारा' अशा अर्थाच्या शब्दाशी त्याचं नातं जोडतात. हरणांच्या कुळातलं हे सगळ्यांत मोठं जनावर. आपल्या सांबराच्या भावकीतलं, पण थोरल्या पातीचं. खांद्याशी उंची सहा-साडेसहा फूट, वजन चारशे ते सहाशे किलो. म्हणजे चांगल्या पोसलेल्या म्हशीएवढं, फक्त पाय उंटासारखे लांब. एवढं धूड दिवसाला पंधरा-वीस किलो ओला चारा सहज संपवतं, आणि हिवाळ्यातले कित्येक महिने हा चारा म्हणजे झाडांच्या काड्या. पानं गळालेली, गवत बर्फाखाली. मग उरतात त्या बोटाएवढ्या, पेन्सिलीएवढ्या फांद्या आणि त्यांचे शेंडे.

आता गवत खाणं आणि झाडाचा शेंडा खाणं यांत मोठा फरक आहे, आणि आपल्याइतका तो कुणाला लवकर कळायचा नाही. ऊस हे गवतच. तो जमिनीलगत तोडला तरी बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात आणि खोडवा उभा राहतो, कारण वाढीचे डोळे खाली, बुडात असतात. म्हैस माळावरचं गवत चरते तेव्हाही तसंच होतं. पातं गेलं, पण पातं काढणारी जागा खाली शाबूत राहिली. झाडाचं उलट आहे. त्याच्या उंचीची वाढ फांदीच्या टोकाला असलेल्या कोंबात होते. तो कोंब गेला की त्या फांदीची दिशाच गेली.

हरभरा खुडणाऱ्या बाईला हे शास्त्र न शिकवता येतं. हरभरा वीतभर झाला की शेंडे खुडतात. खुडलेल्याची भाजी होते आणि रोपाला जास्त फांद्या फुटून घाटे वाढतात. शेंड्याचा कोंब ऑक्सिन नावाचं द्रव्य तयार करून खाली पाठवत असतो आणि त्याच्या धाकानं बगलेतले कोंब झोपून राहतात. शेंडा खुडला की धाक संपतो, झोपलेले कोंब जागे होतात. घरातला कर्ता गेल्यावर सगळे भाऊ एकदम कारभारी व्हावेत तसं. हरभऱ्याला हे मानवतं, कारण त्याला उंच व्हायचंच नसतं. झाडाला मात्र शेजाऱ्याच्या सावलीतून वर निघायचं असतं. तिथं दोन-तीन कारभारी झाले की खोड दुफाटी होतं, वाकडं होतं आणि मुख्य म्हणजे उशीर होतो.

लाळेचं विचाराल तर आजीचा अंदाज साफ चुकला. स्वीडनमध्ये विलो नावाच्या झाडाच्या एका जातीवर याचा प्रयोग झालाय. फांद्या कात्रीनं कापल्या आणि काहींच्या कापलेल्या टोकांना मूसची लाळ लावली. लाळ लावलेल्या रोपांना उलट जास्त फांद्या फुटल्या. विष वगैरे काही नाही. शेरडाच्या लाळेवरचा हा प्रयोग नव्हे, हे खरं. पण आमच्या आंब्याचं नुकसान केलं ते दातांनी, आणि तेही नेमकं शेंड्यावर.

दातांवरून आठवलं. म्हशीच्या तोंडात हात घातलेल्याला ठाऊक असतं की तिला पुढचे वरचे दात नसतात, तिथं नुसती टणक हिरडी असते. मूसचंही तसंच. त्यामुळं तो फांदी कापत नाही, खालचे दात आणि वरची हिरडी यांत धरून हिसडतो. तुटलेलं टोक चोथा झाल्यासारखं, दोरे निघालेलं दिसतं. तिकडचा ससा तीच फांदी चाकूनं छाटल्यासारखी तिरपी, स्वच्छ कापतो. जंगलात फिरणारे लोक टोक बघून सांगतात की इथं कोण जेवून गेलं.

आणि जेवायची त्याची तऱ्हा आडदांड आहे. शेंडा उंचावर असेल तर मूस अंगठ्याहून जाड खोड तोंडात धरून किंवा अंगानं रेटून वाकवतो आणि मोडतो. खायचा असतो वरचा हातभर भाग, मोडतं सगळं झाड. हिवाळ्यात रोवन, ॲस्पेन अशा झाडांच्या सालीही तो दातांनी खरवडून काढतो. साल भोवतीनं निघाली तर पानांत तयार झालेलं अन्न मुळांकडं जायची वाट बंद होते. अर्धवट निघाली तर जखमेतून बुरशी शिरते.

मूसचं तोंड साधारण दहा फुटांपर्यंत पोचतं. झाडाच्या दृष्टीनं सगळा खेळ या दहा फुटांचा आहे. एकदा शेंडा त्या रेषेच्या वर गेला की झाड सुटलं, खालच्या फांद्या खाल्ल्या तरी फारसं बिघडत नाही. पण दरवर्षी जेवढं वाढलं तेवढं खुडलं गेलं, तर झाड बंगल्याच्या कडेला कातरलेल्या मेंदीसारखं कमरेएवढंच राहतं. बाल्सम फर नावाच्या झाडाची अशी ठेंगणी रोपं आहेत, जी दिसतात पोरसवदा पण वय काही दशकांचं. बर्फही यात दोन्ही बाजूंनी खेळतो. बुटकी रोपं त्याखाली झाकली जाऊन वाचतात, आणि टणक बर्फावर जनावर उभं राहिलं तर त्याचं तोंड नेहमीपेक्षा वर पोचतं.

सगळी झाडं सारखी सोसत नाहीत, आणि इथं जरा थांबायला हवं. विलो (आपल्या ओढ्याकाठच्या वाळुंजाच्या जातकुळीतलं), भूर्ज (ज्याच्या हिमालयातल्या भावाच्या सालीवर आपल्या पोथ्या लिहिल्या), ॲस्पेन ही पानगळीची झाडं. हिवाळ्याआधी ती पानांतला मालमसाला काढून खोडात आणि मुळांत साठवतात. हिवाळ्यात मूसनं काड्या खाल्ल्या तरी पुंजी तळघरात सुरक्षित असते, वसंतात त्यातूनच जोरकस नवे धुमारे निघतात. फर, पाइन ही सदाहरित झाडं मात्र पुंजीचा बराच भाग सुयांसारख्या पानांतच बाळगतात. खिशात पगार घेऊन यात्रेत फिरणाऱ्या माणसासारखी. खिसा कापला की महिनाभर उपास. म्हणून तेवढाच घास भूर्ज दोन-तीन वर्षांत विसरतो आणि फर खुरटत बसतो.

पण सोसण्याची ताकद ही अर्धीच बाब. दुसरी, माझ्या मते जास्त मोठी, म्हणजे आवड. मूस जे समोर येईल ते खात नाही. विलो, ॲस्पेन, रोवन ही त्याची लाडकी. भूर्ज चालतो. फर नाइलाजानं, पण हिवाळ्यात भरपूर. स्प्रूस या फरसारख्याच सदाहरित झाडाला मात्र तो सहसा तोंड लावत नाही. स्प्रूसच्या पानांत राळ फार, पोषण कमी. आता दहा-वीस वर्षं हेच चालू राहिलं तर काय होईल? आवडती झाडं दरवर्षी मागं पडणार आणि नावडतं झाड कुणी हात न लावल्यामुळं आरामात वर निघणार. जंगलात पुढं काय उभं राहणार, हे मूसनं खाल्लेल्यापेक्षा त्यानं सोडून दिलेल्यावर जास्त ठरतं.

आपल्या गायरानात जाऊन बघा. शेरडं, म्हशी, गाई वर्षानुवर्षं फिरलेल्या माळावर काय माजलेलं असतं? घाणेरी, रानमोडी, पावसाळ्यात टाकळा. जनावरांनी ही झाडं लावली नाहीत, त्यांनी फक्त बाकीची खाल्ली. (घाणेरी आणि रानमोडी पसरण्याला आणखीही कारणं आहेत, दोन्ही परदेशातून आलेली आहेत, सगळा दोष शेरडांवर ढकलू नये. पण हिशेबाची रीत तीच.)

हे नुसतं तर्काचं बोलणं नाही, हे ज्या जागेमुळं कळलं ती जागा म्हणजे सुपीरिअर सरोवरातलं आइल रॉयल बेट. अमेरिकेच्या मिशिगन राज्यातलं हे बेट आपल्या राधानगरी अभयारण्याच्या साधारण दीडपट. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथं मूस पोचले. लांडगा नव्हता, चारा अमाप होता. व्हायचं तेच झालं, संख्या फुगली, चारा संपला, जनावरं उपाशी मेली. मग १९४०च्या दशकाच्या शेवटी, गोठलेल्या सरोवरावरून चालत लांडगे आले. १९५८ साली तिथं लांडगे आणि मूस यांची दरवर्षी मोजदाद सुरू झाली आणि ती अजून चालू आहे. त्याच १९५८ साली इकडं दाजीपूरचं जंगल अभयारण्य म्हणून जाहीर झालं, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडतो.

त्याच सुमारास बेटावर आणखी एक साधं काम झालं होतं. जंगलाच्या काही तुकड्यांना मूस आत जाणार नाही असं उंच कुंपण घातलं गेलं. आपल्याकडं पाणलोटाच्या गावांत चराईबंदी करतात त्याची ही छोटी आवृत्ती. चाळीसेक वर्षांनी जॉन पास्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुंपणाच्या आतलं आणि बाहेरचं जंगल ताडून पाहिलं. आत पानगळीची झाडं भरलेली होती. बाहेर ती विरळ, आणि स्प्रूस पुढं. इथपर्यंत कुणीही सांगितलं असतं. नवी गोष्ट निघाली ती मातीत. बाहेरच्या मातीत झाडांना मिळण्याजोगा नायट्रोजन कमी पडत होता.

मूस फांद्या खातो तर मातीचं काय बिघडतं? ओघ असा आहे. भूर्ज-ॲस्पेनची पानं मऊ, ती गळली की लवकर कुजतात आणि त्यांचं खत होतं. स्प्रूसच्या सुया राळेच्या, मेणचट, चिवट. त्या कुजायला फार वेळ घेतात. पानगळीची झाडं कमी झाली म्हणजे जमिनीवर पडणारा चांगला पालापाचोळा कमी झाला, कुजवणारे जीवाणू-बुरशी मंदावल्या, माती हलकी पडली. हलक्या मातीत पानगळीची झाडं आणखी मागं पडतात आणि थोडक्यात भागवणारा स्प्रूस आणखी पुढं जातो. शेणखत बंद केलेल्या वावरासारखं, दरवर्षी थोडं थोडं खाली. मूस लेंड्या टाकतो, त्यातून काही परत मिळतं, नाही असं नाही. पण पालापाचोळ्याचा तोटा त्यानं भरून निघत नव्हता.

मग लांडग्याचं काय? १९८०मध्ये बेटावर पन्नास लांडगे होते. कुत्र्यांचा पार्व्हो हा रोग बेटावर पोचला आणि दोन वर्षांत चौदा उरले. मूस वाढत गेले, १९९५च्या सुमारास २४०० झाले, आणि १९९६च्या खडतर हिवाळ्यानंतर दणकन पाचशेच्या आसपास आले. या चढउताराची नोंद झाडांनीही ठेवली होती. ब्रायन मॅक्लारेन आणि रॉल्फ पीटरसन यांनी फरच्या खोडातली वर्षवलयं मोजून १९९४ साली दाखवलं, की लांडगे कमी आणि मूस जास्त असलेल्या काळात वलयं बारीक आहेत, मूस घटले की वलयं रुंदावतात. लांडगा झाडाचं पानही खात नाही, तरी त्याची हजेरी झाडाच्या पोटात सापडली. पुढं आपसांतल्या नात्यांत प्रजनन होऊन लांडगे इतके खंगले की २०१८ला दोनच राहिले, आणि मूस पुन्हा दोन हजारांवर गेले. त्यानंतर २०१८-१९मध्ये बाहेरून १९ लांडगे आणून सोडले.

न्यूफाउंडलंडमध्ये तर माणसानंच हात दाखवून अवलक्षण केलं. कॅनडाच्या या बेटावर मूस मुळात नव्हताच. १९०४ साली चार सोडले, दोन नर, दोन माद्या. त्याआधी एकदा प्रयत्न झाला होता, पण आजची पैदास मुख्यतः या चौघांची मानतात. ती लाखाच्या वर गेली. तिथल्या जंगलात फरला अधूनमधून कीड लागते, मोठी झाडं वाळतात आणि खालची पोरं वर येतात, असा जुना क्रम होता. आता कीड मोठ्यांना संपवते आणि मूस पोरांना. ग्रोस मॉर्न राष्ट्रीय उद्यानात काही ठिकाणी जंगलाच्या जागी गवताळ माळ झाला. शेवटी २०११पासून राष्ट्रीय उद्यानात मूसच्या शिकारीला परवानगी द्यावी लागली. उद्यान राखण्यासाठी उद्यानात बंदूक.

स्वीडनची कथा वेगळी, तिथं पैशाचा प्रश्न आहे. लाकडासाठी पाइनची लागवड, आणि पाइनचा शेंडा गेला की खोड वाकतं, फळीचा भाव पडतो. वनमालक चिडतात. पण मूस एवढे झाले कसे? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथं सरसकट तोड करून पुन्हा लागवड करायची पद्धत रुजली, म्हणजे हजारो एकरांवर एकाच वेळी तोंडाच्या उंचीची कोवळी झाडं. ताट आपणच वाढायचं आणि जेवणाऱ्याला हावरट म्हणायचं, असा तो प्रकार. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं एका वर्षात दीड लाखाहून जास्त मूसची शिकार झाली, यावरून अंदाज करा. आता कुणी कोवळ्या शेंड्यांना उग्र चवीचं द्रव्य लावतं, कुणी कुंपण घालतं, कुणी मूससाठी विलो-ॲस्पेन मुद्दाम राखतं.

हे सगळं वाचून मूसला खलनायक ठरवायचा मोह होतो. तो टाळावा. जनावरं बेतात असली तर शेंडे खाल्ले गेल्यानं दाट झाडोऱ्यात उजेड शिरतो, जमिनीलगतची झुडपं-फुलं वाढतात. उन्हाळ्यात मूस तळ्यात उतरून पाणवनस्पती खातो, त्यांतून त्याला मीठ मिळतं, आणि तळ्यातला नायट्रोजन लेंड्या-मुतातून तो जंगलात आणून टाकतो. एकाच जनावराचे दोन्ही उद्योग चालू असतात. कोणता भारी पडेल हे संख्येवर आणि झाडांच्या जातींवर ठरतं.

राहिला आपला गवा. राधानगरी-दाजीपूरचं जंगल राजर्षी शाहू महाराजांच्या काळात शिकारीसाठी राखलेलं, आणि ते आज गव्यांसाठी ओळखलं जातं. गवे उसात उतरले, गवा शहराच्या वेशीपर्यंत आला, या बातम्या आता नवलाच्या राहिलेल्या नाहीत. पण गवा म्हणजे आपला मूस, असं कुणी म्हटलं तर ते पटण्यासारखं नाही. गव्याचा ओढा मुख्यतः गवताकडं, त्यात बांबूचे कोंब, झुडपांचा पाला, आणि उन्हाळ्यात चाऱ्याची तंगी झाली की झाडांच्या साली. नुसत्या काड्यांवर अर्धं वर्ष काढायची पाळी त्याच्यावर येत नाही. शेंडे-पाला खुडणारी आपल्या जंगलातली तोंडं म्हणजे सांबर आणि भेकर, तीही मूसपुढं लहान. शिवाय आपल्या पावसात आणि उन्हात झाड वर्षातले कितीतरी जास्त दिवस वाढतं, दहा फुटांची रेष लवकर ओलांडतं. आणि एका जातीची पीछेहाट झाली तर जागा घ्यायला पन्नास जाती टपलेल्या असतात. त्यामुळं आइल रॉयलचे आकडे उचलून दाजीपूरला चिकटवता येत नाहीत. प्रश्न मात्र उचलता येतात: कोण खातं, काय सोडतं, शेंडा किती उंचीवर आहे, खाल्ल्यानंतर झाडाला किती वर्षं उसंत मिळते.

मसाई पठाराच्या वाटेवर मी हल्ली हेच बघत चालतो. उघड्यावरची रोपं गुडघ्याएवढी, गच्च, गोल, वरून थापटल्यासारखी. ती शेरडांची कातरणी. मग मध्येच एखादं जांभळीचं किंवा अंजनीचं झाड सरळसोट वर गेलेलं दिसतं, आणि जवळ जाऊन बघावं तर बुंध्याशी करवंदीची जाळी असते. काट्यांच्या आत रोप उगवलं, शेरडाचं तोंड आत पोचलं नाही, आणि जाळीच्या वर डोकं काढेपर्यंत शेंडा तोंडाच्या टप्प्याबाहेर गेला. मूसच्या मुलखात हेच काम वादळानं आडवी झालेली झाडं करतात. त्यांच्या फांद्यांच्या गुंत्यात लांब पायांचं ते धूड शिरत नाही आणि आतलं फरचं रोप निवांत वाढतं.

आजीनं दुसरी कोय लावली तेव्हा भोवती बोरीच्या फांद्या रोवल्या होत्या. तो आंबा आता कौलांच्या वर गेलाय, आणि त्याचे आंबे काढायला आकडी लागते.